चार बैठकांच्या बाजूने

ताणाखाली असलेल्या महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी स्वीकाराधारित गटोपचाराच्या चार-पाच बैठका घ्याव्यात, अशी सूचना कुणी केली की आपल्याकडच्या सुशिक्षित वर्तुळात नकार तयारच असतो. तो अडाणीपणाचा नकार नाही, म्हणूनच त्याची दखल घेणे भाग आहे. प्राध्यापक, पालक, कार्यकर्ते, क्वचित समुपदेशकही तो देतात आणि त्यामागे विद्यार्थ्यांविषयीची खरी काळजी असते. तो आधी त्यांच्याच बाजूने, शक्य तितक्या बळकटपणे मांडतो. पूर्वपक्ष दुबळा करून जिंकलेला वाद हा वादच नव्हे.

पूर्वपक्ष असा. आपला विद्यार्थी आधीच पुष्कळ सोसतो आहे. फी, स्पर्धा, जात, भाषा, घरच्यांच्या अपेक्षा, या सगळ्यांखाली तो वाकलेला आहे. त्याला ‘दुःखाचा स्वीकार कर’ असे शिकवणे म्हणजे त्याच्या शरणागतीवर शास्त्राचा शिक्का मारणे आणि संस्थांना मोकळे सोडणे. शिवाय मनात चुकीचे विचार असतील तर ते तर्काने खोडायचे असतात. ते तसेच राहू देणारा उपचार हा उपचार कसला? वर्षानुवर्षे साचलेले चार बैठकांत निघत नाही. ही मलमपट्टी आहे. आणि गटात आपली मुले बोलत नाहीत. बोललीच तर एकाचे दुःख दुसऱ्याला चिकटते. या शेवटच्या मुद्द्याला आता परदेशी प्रयोगांचा आधारही दाखवला जातो.

चारही आक्षेप वजनदार आहेत. माझ्या मते चारही चुकीच्या जागी लागले आहेत.

मुळात हा उपचार आहे तरी काय? अमेरिकेतल्या नेवाडा विद्यापीठाचे मानसशास्त्रज्ञ स्टीव्हन हेस यांनी कर्क स्ट्रोसाल आणि केली विल्सन यांच्यासह १९९९ साली त्याची पहिली सविस्तर मांडणी पुस्तकरूपाने केली. ‘ॲक्सेप्टन्स अँड कमिटमेंट थेरपी’, संक्षेपाने ‘ॲक्ट’, हे त्याचे नाव. बॉस्टनमध्ये सुझन ओर्सिलो आणि लिझाबेथ रोमर यांनी त्याच कुळातली स्वीकाराधारित वर्तनोपचाराची पद्धत विकसित केली आणि ओर्सिलो यांच्या गटाने ती पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांसाठी दीड तासाच्या कार्यशाळेइतकी आटोपशीर करून तपासली. या उपचारांचा निम्मा भाग कृतीचा आहे. टीकाकार नेमका तोच सोडून देतात.

एखाद्या गटात प्रत्यक्षात घडते ते असे. दहा-बारा विद्यार्थी गोलाकार बसतात. पहिल्या बैठकीत कुणालाही आपली कहाणी सांगावी लागत नाही. प्रत्येकाने कागदावर लिहायचे असते: अस्वस्थता घालवण्यासाठी आजवर मी काय काय केले? यादी लवकर लांबते. मोबाइल. दुपारभर झोप. लेक्चर बुडवणे. सबमिशन पुढे ढकलणे. घरी फोन न करणे. टपरीवर तास काढणे. मग शेजारी दोन रकाने: त्या क्षणी बरे वाटले का, आणि महिन्याभरात काय झाले? पहिल्या रकान्यात बहुतेक ठिकाणी ‘हो’ येते. दुसऱ्यात केटी येते, तुटलेली मैत्री येते, गाईडला टाळण्यात गेलेले आठवडे येतात. कुणी उपदेश केलेला नसतो. हिशेब विद्यार्थ्यानेच मांडलेला असतो. अस्वस्थता टाळण्याची किंमत अस्वस्थतेहून जास्त पडते, हे त्याला स्वतःच्या अक्षरात दिसते.

पुढच्या बैठकांत सराव होतो. छातीतली धडधड, घशातला आवंढा यांच्याकडे काही मिनिटे नुसते लक्ष द्यायचे. पळायचे नाही, लढायचेही नाही. हेस यांच्या पद्धतीतला एक प्रसिद्ध खेळ बसचा आहे. चालक विद्यार्थी, मागे बसलेले आरडाओरडा करणारे उतारू म्हणजे त्याच्या मनातली भीती आणि शरम. त्यांना उतरवण्यासाठी बस थांबवली तर बस कुठेच जात नाही. गटातली मुले उतारूंची वाक्ये मोठ्याने बोलतात आणि चालकाने ठरवलेला रस्ता धरायचा असतो. मग खरा प्रश्न येतो: हा रस्ता कुठला? तुला कशासाठी जगायचे आहे, कसला मित्र, कसली मुलगी, कसला अभ्यासक व्हायचे आहे? त्यातून आठवडाभरात करण्याजोगी एक छोटी कृती निघते. गाईडला मेल. आईला फोन. अर्धवट प्रकरणाचे एक पान. पुढच्या बैठकीत ती झाली का, हे विचारले जाते.

आता पहिला आक्षेप घेऊ. स्वीकार म्हणजे शरणागती असे म्हणणाऱ्याने एवढे सांगावे: कशाचा स्वीकार? गटातल्या मुलीला गाईडचा जाच स्वीकारायला कुणी सांगत नाही. वसतिगृहातली जातीवरून होणारी हेटाळणी किंवा अडकलेली शिष्यवृत्तीही स्वीकारायला सांगत नाही. सांगितले जाते ते इतकेच, की या सगळ्याला सामोरे जाताना जी भीती उठते ती आधी मेली पाहिजे, ही अट सोड. परिस्थिती मान्य करणे आणि परिस्थितीने उठवलेली भावना मनात राहू देणे, या दोन गोष्टींत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. तक्रार निवारण समितीकडे अर्ज द्यायचा आहे आणि हात कापतो आहे. भीती गेल्यावर देईन, असे ठरवणारी अर्ज देत नाही. भीतीसकट देईन, असे ठरवणारी देते. मग शरणागत कोण?

हे केवळ तर्काने म्हणत नाही. २००४ साली जिल लेव्हिट, डेव्हिड बार्लो आणि सहकाऱ्यांनी तीव्र घबराटीचे झटके येणाऱ्या ६० रुग्णांवर एक प्रयोग केला. त्यांना ५.५ टक्के कार्बन डायऑक्साइड मिसळलेली हवा हुंगायला दिली. त्याने धाप लागते, छाती धडधडते, नेमके झटक्यासारखे वाटते. एका गटाला सांगितले होते की भावना येऊ द्या, दुसऱ्याला की दाबून धरा, तिसऱ्याला असे काहीच सांगितले नव्हते. शारीरिक मोजमापांत आणि लक्षणांत गटागटांत फरक पडला नाही. फरक पडला तो दोन ठिकाणी: येऊ देणाऱ्यांना चिंता कमी वाटली आणि पुन्हा एकदा हीच हवा हुंगायला त्यांची तयारी अधिक होती. हा निष्कर्ष नीट वाचावा. धडधड तेवढीच, धाप तेवढीच. पुढचे पाऊल टाकायची तयारी मात्र वेगळी. शरणागतीचे लक्षण पाऊल मागे घेणे हे आहे. येथे पाऊल पुढे पडले.

उलट दाबून टाकण्याचे काय होते? डॅनिएल वेग्नर यांनी १९८७ साली महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनाच पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका असे सांगून बसवले. विचार येतच राहिला, आणि बंदी उठल्यावर तो, सुरुवातीपासून मोकळीक मिळालेल्यांपेक्षाही, जास्त आला. २००० साली जेन रिचर्ड्स आणि जेम्स ग्रॉस यांनी दाखवले की भावना चेहऱ्यावर दिसू न देण्याचा प्रयत्न करणाऱ्यांना त्या वेळी सांगितलेली माहिती कमी आठवते. अभ्यास हेच ज्याचे काम, त्याला ‘रडू नकोस, कणखर हो’ असे सांगून आपण त्याच्या स्मरणशक्तीतला वाटा काढून घेतो. पालकांनी आणि शिक्षकांनी या एका निष्कर्षाचा शांतपणे विचार करावा.

त्याच अभ्यासात एक गोष्ट प्रतिपक्षाच्या बाजूची आहे, ती लपवणार नाही. प्रसंगाकडे वेगळ्या अर्थाने पाहणाऱ्यांचे स्मरण कमी झाले नाही. म्हणजे विचार बदलण्याच्या मार्गात दम आहे. येथे दुसरा आक्षेप येतो, आणि तो महाराष्ट्रात विशेष बळकट आहे. कारण अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ पद्धत कि. मो. फडके यांनी मराठी वाचकांपर्यंत आणली, ठाण्यात आनंद नाडकर्णी यांच्या संस्थेने ती घराघरांत नेली. हे ऋण मोठे आहे. या पद्धतीतला जाणता माणूस विचारतो: अविवेकी धारणेला आव्हान द्यायचे सोडून तिला मनात बसू का द्यायचे?

उत्तर दोन पायऱ्यांचे आहे. पहिली पायरी पुराव्याची. २०१५ साली ए-त्याक आणि सहकाऱ्यांनी ॲक्टच्या ३९ यादृच्छिक चाचण्यांचा, १,८२१ रुग्णांचा एकत्रित हिशेब मांडला. उपचार न मिळालेल्यांच्या किंवा नेहमीची मदत मिळालेल्यांच्या तुलनेत ॲक्ट सरस ठरला. विचार बदलण्यावर भर देणाऱ्या प्रस्थापित उपचारांच्या तुलनेत लक्षणीय फरक दिसला नाही. तेव्हा ॲक्ट एलिसला हरवतो असा माझा दावा नाही. पण विचार खोडल्याशिवाय माणूस बरा होत नाही, हा दावाही टिकत नाही.

दुसरी पायरी तर्काची. एमपीएससीची तयारी करणाऱ्या मुलाच्या मनात येते, ‘माझी निवड होणार नाही.’ हा विचार खोटा आहे का? जागा आणि अर्ज यांचे प्रमाण पाहिले तर बहुतेकांच्या बाबतीत तो खराच आहे. एलिसचा जाणकार अनुयायी म्हणेल की आम्ही वस्तुस्थिती खोडत नाही. ‘निवड झालीच पाहिजे, नाहीतर मी कुचकामी’ हा हट्ट खोडतो. बरोबर आहे, आणि कुशल समुपदेशकासमोर ते होतेही. पण रात्री दोन वाजता, अभ्यासिकेतून परतल्यावर, हा मुलगा एकटा असतो. तो स्वतःशी युक्तिवाद करू लागतो, प्रत्येक उत्तराला मन नवा प्रश्न विचारते, पहाट होते. वाद घालणे हाच त्याच्या विचारचक्राचा भाग झालेला असतो. त्याला आणखी चांगला युक्तिवाद नको आहे. त्याला वादातून उठता यायला हवे. म्हणून ॲक्ट त्याला म्हणायला शिकवतो: ‘माझी निवड होणार नाही, असा विचार माझ्या मनात आला आहे.’ विचार खोडला नाही, मान्यही केला नाही. तो विचार आहे, एवढे ओळखले आणि दिवा मालवला. अकिहिको मासुदा, हेस आणि सहकाऱ्यांनी २००४ साली, एडवर्ड टिचनरने विसाव्या शतकाच्या आरंभी वर्णिलेली एक युक्ती विद्यार्थ्यांवर तपासली: स्वतःविषयीचा बोचरा शब्द भराभर, पुन्हा पुन्हा मोठ्याने उच्चारायचा. शब्दाची बोच कमी झाली आणि त्यावरचा विश्वासही उतरला. एकही प्रतियुक्तिवाद न करता.

तिसरा आक्षेप कालावधीचा. मला तो सर्वांत कच्चा वाटतो, कारण तो उपचाराचे माप दुःखाच्या वयाने घेतो. दुःख दहा वर्षांचे म्हणून उपाय दहा महिन्यांचा हवा, हे कुठल्या शास्त्रात सांगितले आहे? चार बैठका व्यक्तिमत्त्व घडवायला बसत नाहीत. त्या एक कौशल्य शिकवतात आणि त्याचा सराव करून घेतात. क्यूबेकमध्ये सिमॉन ग्रेग्वार आणि सहकाऱ्यांनी चार विद्यापीठांतल्या १४४ विद्यार्थ्यांची यादृच्छिक विभागणी केली. एका गटाला महिन्याभरात अडीच तासांच्या चार कार्यशाळा, दुसऱ्याला प्रतीक्षा. २०१८ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले: कार्यशाळा घेतलेल्यांचा ताण, चिंता, उदासी कमी झाली, मनाची लवचिकता वाढली, आणि अभ्यासातला सहभागही वाढला. शेवटची गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते. नुसते बरे वाटले असते तर मलमपट्टी म्हणता आले असते. येथे मुले अभ्यासाकडे परतली.

आपल्या घरचा दाखलाही आहे. गोव्यात विक्रम पटेल आणि ‘संगाथ’ ही संस्था यांनी प्राथमिक आरोग्य केंद्रांत आलेल्या, तीव्र नैराश्याच्या ४९५ रुग्णांवर तपासलेला उपचार सहा ते आठ भेटींचा होता, आणि तो देणारे मानसोपचारतज्ज्ञ नव्हते, प्रशिक्षण दिलेली साधी माणसे होती. २०१७ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेले त्याचे निष्कर्ष अनुकूल होते. तो ॲक्ट नव्हता, गटही नव्हता. कृतीला पुन्हा चालना देणारा उपचार होता. पण थोडक्या भेटींत खोलवरचे दुःख हलत नाही, हे विधान गोव्यातल्या त्या केंद्रांत खोटे ठरले.

येथे एका गंभीर टीकाकाराचे ऐकले पाहिजे. स्वीडनचे लार्स-योरान ऊस्ट यांनी २०१४ साली ॲक्टच्या ६० चाचण्या तपासून त्यांच्या पद्धतीतले दोष दाखवले आणि कोणत्याही विकारासाठी हा उपचार अजून पूर्ण प्रस्थापित म्हणता येणार नाही, असा निर्वाळा दिला. शिवाय प्रतीक्षायादीशी तुलना केली की कुठलाही उपचार उजळ दिसतो, हाही आक्षेप रास्त आहे. ग्रेग्वार यांच्या चाचणीलाही तो लागू आहे. मान्य. पण यातून दावा आवरता घ्यावा एवढेच निघते; उपाय टाकून द्यावा असे निघत नाही. आणि आपल्या महाविद्यालयांपुरते पाहायचे तर प्रतीक्षायादी ही प्रयोगासाठी रचलेली कृत्रिम गोष्ट नाही. आपला विद्यार्थी तिच्यातच जगतो. चार बैठकांची तुलना दोन वर्षांच्या उत्तम व्यक्तिगत उपचाराशी करायची, की त्याला आज जे मिळते आहे, म्हणजे काहीच नाही, त्याच्याशी? निवाडा वाचकांनी करावा.

चौथा आक्षेप गटाचा, आणि येथे प्रतिपक्षाकडे सर्वांत ताजा दारूगोळा आहे. ब्रिटनमधल्या ‘मिरियड’ प्रकल्पात ८४ शाळांतल्या आठ हजारांहून अधिक मुलांना सजगतेचे पाठ दिले गेले किंवा नेहमीचे वर्ग चालू ठेवले. २०२२ साली निष्कर्ष आला की पाठांचा विशेष उपयोग झाला नाही. ऑस्ट्रेलियात हजाराहून अधिक शाळकरी मुलांवर केलेल्या दुसऱ्या एका प्रयोगात, २०२३ साली, भावनांच्या हाताळणीचे वर्ग घेतलेल्यांची स्थिती वर्ग संपताना उलट थोडी खालावलेली दिसली. हे निष्कर्ष खरे आहेत आणि ते झटकून टाकता येणार नाहीत.

पण ते कुणावरचे आहेत? ब्रिटनमधली मुले ११ ते १४ वर्षांची होती. पाठ संपूर्ण वर्गाला होते. ज्याला काही दुखत नव्हते त्यालाही. कुणी मागितले नव्हते. शिकवणारे शाळेचे शिक्षक होते, आणि बहुतेक मुलांनी घरी सराव केलाच नाही. आपण ज्याविषयी बोलतो आहोत तो विद्यार्थी प्रौढ आहे, त्रासात आहे आणि स्वतःच्या पायांनी चालत आला आहे. या दोन प्रयोगांतून एकच धडा निघतो: सगळ्यांना एका सभागृहात कोंबून भावनांचे धडे देऊ नका. तो धडा मला शिरसावंद्य आहे. पहिल्या वर्षाच्या सगळ्या मुलांना हजेरीच्या धाकाने बसवून मनःस्वास्थ्यावर व्याख्यान ऐकवणाऱ्या महाविद्यालयांनी ते उद्या बंद करावे. या प्रयोगांचा वापर स्वेच्छेच्या लहान गटाविरुद्ध मात्र करता येत नाही.

आणि आपली मुले गटात बोलत नाहीत, हा समज? वर सांगितलेली पहिली बैठक आठवावी. तेथे कहाणी मागितली जात नाही, कागद मागितला जातो. दक्षिण सुदानमधून युगांडात आलेल्या निर्वासित स्त्रियांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने ॲक्टच्याच पायावर ‘सेल्फ-हेल्प प्लस’ हा कार्यक्रम केला. दोन-दोन तासांच्या पाच बैठका, वीस-तीस जणींचा गट, ध्वनिमुद्रित मार्गदर्शन, तज्ज्ञ नसलेल्या साहाय्यिका. ६९४ स्त्रियांवरच्या चाचणीत तीन महिन्यांनंतरही मानसिक क्लेश कमी आढळले. परिणाम फार मोठा नव्हता, पण होता. युद्धातून पळून आलेल्या, छावणीत राहणाऱ्या स्त्रिया एकत्र बसू शकल्या. पुण्याच्या वसतिगृहातली मुलगी बसू शकणार नाही, हे आपण कशावरून ठरवतो? अमेरिकेत शिकणाऱ्या ७० जपानी विद्यार्थ्यांवर, ज्यांच्या संस्कृतीत दुःख बोलून दाखवणे सोपे नाही, ताकाशी मुतो आणि हेस यांनी ॲक्टचे पुस्तक वाचायला देऊन प्रयोग केला होता. तेथेही मानसिक आरोग्य सुधारले. ही पद्धत परकी आहे म्हणणाऱ्यांना एवढे पुरे व्हावे. रामदासांनी २०५ श्लोक मनाला उद्देशून रचले, आणि ते त्याला शत्रू समजून नव्हे, सज्जन समजून. मनाशी युद्ध न मांडता त्याच्याशी बोलणे आपल्याला नवे नाही.

एक मर्यादा स्पष्ट सांगतो, कारण ती लपवली तर हे मंडन अप्रामाणिक ठरेल. ज्याच्या मनात जीव देण्याचे विचार घट्ट बसले आहेत, ज्याला भास होतात, जो व्यसनात बुडाला आहे, त्याला चार बैठकांच्या गटावर सोडणे हा अपराध आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांनुसार २०२२ साली देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केली. त्यांतले १,७६४ महाराष्ट्रातले होते, सर्व राज्यांत सर्वाधिक. अशा मुलाला तातडीने मनोविकारतज्ज्ञ हवा, सोबतीला माणूस हवा, आणि रात्री-अपरात्री १४४१६ हा टेलिमानसचा क्रमांक त्याच्या फोनमध्ये हवा. गटात घेण्याआधी प्रत्येकाशी स्वतंत्रपणे बोलून ही चाचपणी केलीच पाहिजे.

संस्थांना मोकळे सोडण्याचा आरोपही असाच तपासून पाहू. आयआयटी दिल्लीतल्या दोन विद्यार्थ्यांच्या पालकांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती रवींद्र भट यांच्या अध्यक्षतेखाली विद्यार्थ्यांच्या मानसिक स्वास्थ्याविषयी राष्ट्रीय कृतिदल नेमले. त्याच वर्षी जुलैमध्ये दुसऱ्या एका खटल्यात न्यायालयाने, शंभर किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक पात्र समुपदेशक असावा, असा निर्देश दिला. संस्थांचे उत्तरदायित्व आता न्यायालयाच्या कागदावर आहे. गटोपचाराने ते कमी होत नाही.

पण त्या एका समुपदेशकाचे दिवस मोजा. जागतिक आरोग्य संघटनेच्या आठ देशांतल्या पाहणीत पहिल्या वर्षाच्या सुमारे १४ हजार विद्यार्थ्यांपैकी ३१ टक्क्यांत मागच्या वर्षभरात एखाद्या मानसिक विकाराची लक्षणे आढळली. आपल्या एखाद्या दोन हजार मुलांच्या महाविद्यालयाला हेच प्रमाण लावले तर सहाशे होतात. त्यांतली निम्मीच आली असे धरा: तीनशे. प्रत्येकाला एकेक तासाच्या सहा भेटी म्हटले तर १,८०० तास. दिवसाला पाच तास आणि वर्षाला दोनशे दिवस बसणाऱ्या समुपदेशकाकडे असतात एक हजार. म्हणजे व्यक्तिगत उपचाराचा आग्रह धरणाऱ्यांच्या व्यवस्थेत शंभराहून अधिक मुले दाराबाहेरच राहतात, आणि आत कुणी यायचे हे बहुधा आधी कोण पोहोचला यावर ठरते. आता बारा-बाराचे पंचवीस गट करा. दर गटाला अडीच तासांच्या चार बैठका, म्हणजे एकूण अडीचशे तास. हजारातले साडेसातशे तास शिल्लक राहतात. त्यांतले काही आधीच्या चाचपणीला जातील. उरलेले सगळे अशा मुलांसाठी, ज्यांना गट पुरणार नाही: जिला बंद दाराआडच बोलता येईल तिच्यासाठी, ज्याला सहा नव्हे तर तीस भेटी लागतील त्याच्यासाठी, आणि आज सकाळी अचानक येऊन जो म्हणेल, मला आत्ता बोलायचे आहे, त्याच्यासाठी.